बायकांचा वर्ल्डकप घेऊन महागावला

यवतमाळ

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत तीन साड्या, गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाच्या गोळ्या आणि बायकांचा अख्खा फुटबॉल वर्ल्डकप होता. वर्ल्डकप म्हणजे भाच्याने पत्त्यांच्या जोडाएवढ्या डबीत भरून दिलेले सामने. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली स्पर्धा संपून पंधरवडा होत आला होता, तेव्हा हे शिळं अन्न कोण खाणार, असं भाच्याचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा रे, मी जाते आहे तिकडे ते अजून ताजंच आहे. झालंही तसंच. सगळ्या प्रवासात मला एकसुद्धा माणूस भेटला नाही ज्याला कप कोणी जिंकला ते ठाऊक होतं. परत आल्यावर हे मी सोसायटीत गमतीने सांगायला लागले, तर आमच्या सोसायटीतही कुणाला ठाऊक नव्हतं. मग सांगायचं बंद केलं.

जायचं कारण वैशाली. वैशाली ही माझ्या मैत्रिणीची, कमलची मुलगी. महागाव तालुक्यातल्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका आहे. कमल आणि मी यवतमाळच्या कॉलेजात एका संघात फुटबॉल खेळलो. मी कलेक्टर कचेरीतल्या हेडक्लार्कची मुलगी, गोलात उभी राहणारी. कमल बाभुळगावची, डाव्या बाजूने सुसाट पळणारी. तिच्या घरात बाबासाहेबांची तसबीर, आमच्या घरात दत्ताची. मैदानावर त्याचा कुणाला पत्ता नसे, आमच्या स्वयंपाकघरात मात्र असे. पुढे माझं लग्न होऊन मी पुण्याला बँकेत चिकटले, कमल बाभुळगावातच राहिली आणि खेळ दोघींचाही सुटला.

वैशालीने फोनवर सांगितलं की तिच्या पोरी रोज खेळतात, पण मोठ्या बाया हा खेळ खेळताना त्यांनी कधी पाहिलेल्याच नाहीत. त्यांना वाटतं, जगात फुटबॉल खेळणाऱ्या मुली आपणच. ते वाक्य मला लागलं. रजा मागायला आता साहेब नव्हता, नवऱ्याने डबा लावून घेतला आणि मी यवतमाळच्या गाडीत बसले.

तुमच्यापैकी ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही, म्हणजे बहुतेक सगळ्यांनी, त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच सांगून टाकते. पोरींनाही मी हेच सांगत फिरले. बायकांचा वर्ल्डकप पुरुषांसारखाच दर चार वर्षांनी होतो, पण तो सुरू झाला पुरुषांच्या नंतर साठेक वर्षांनी. सगळ्यात जास्त वेळा तो अमेरिकेने नेला आहे. जर्मनीने दोनदा, नॉर्वे आणि जपानने एकेकदा. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वी बायकांचे सामने पाहायला झुंबड उडायची, म्हणून तिथल्या संघटनेने हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवलं आणि आपली मैदानं त्यांना बंद केली. ती पन्नासेक वर्षं बंद राहिली. आपल्या मुली एका काळी आशियात दुसऱ्या आल्या होत्या, एकदा नव्हे, दोनदा. वर्ल्डकपला मात्र अजून पोचायच्या आहेत. आणि पाहायचं कसं, तर चेंडूकडे पाहू नका. चेंडू नसलेली एक मुलगी निवडा आणि दहा मिनिटं फक्त तिच्याकडे पाहा. खेळ आपोआप कळायला लागतो.

बाभुळगाव

पहिला मुक्काम कमलकडे. तिच्या पुढच्या खोलीत पाऊल टाकलं तर आत छातीएवढा कापूस. गेल्या हंगामातला, भाव चढेल म्हणून ठेवलेला आणि भाव चढलाच नव्हता. गावात घरोघरी हेच होतं. माणसं ओसरीवर निजत आणि कापूस आत पंख्याखाली. पुण्यात आमच्या शेजाऱ्यांनी गाडीसाठी खोली काढली आहे, त्याचं मला फार हसू यायचं. इथे हसू आलं नाही.

शाळेतून वैशालीने आणलेला प्रोजेक्टर त्याच खोलीत लावला, कारण तिथेच काळोख होता. बाभुळगावच्या पंधरावीस पोरी कापसाच्या ढिगावर चढून बसल्या, मीही बसले. जपानचा सामना लावला. जपानी मुली बुटक्या, आपल्यासारख्या. त्या उंच्यापुऱ्या युरोपी बायांच्या पायांमधून चेंडू काढत होत्या आणि पोरी ढिगावर उड्या मारत होत्या. सामना संपला तेव्हा ढीग मैदानासारखा सपाट झाला होता आणि मला पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत खाज सुटली होती. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, अंगाची आग आग होते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला कुणी सांगितलं नाही, कारण ढिगावर आपणहून चढून बसणारी शहाणी बाई त्यांनी याआधी पाहिली नव्हती. कमलने मला अंगणात उभं करून अंगाला खोबरेल तेल चोळलं आणि पोटभर हसली.

संध्याकाळी तिने गोळाभात केला. भातावर बेसनाचे गोळे, वरून लसणाचं कडकडीत तेल. जेवताना बोलता बोलता तिने माझ्या ताटात आणखी एक गोळा वाढला. मग म्हणाली, "आपल्यालेबी कोनी सांगतलं असतं का बायांचा असा कप असते म्हून, त काय झालं असतं वं?"

मी म्हटलं, काही झालं नसतं, तेव्हा तो कप सुरूच झाला नव्हता. हिशेबाने माझं उत्तर बरोबर होतं. पण आशियात दुसऱ्या आलेल्या मुली आमच्याच वयाच्या होत्या आणि त्यांचं नावही आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं नाही. कमल त्यांच्यात शोभली असती. ती माझ्यापेक्षा फार चांगली खेळायची, आणि मी हे तिला कधी म्हटलेलं नाही याचं मला त्या रात्री वाईट वाटलं.

कळंब

कळंबला चिंतामणीच्या पायऱ्या उतरताना गुडघ्याचा पट्टा कामी आला. देऊळ जमिनीच्या पोटात आहे, कुंडाजवळ उन्हाळ्यातही गारवा असतो. बाहेर मात्र उकाडा होता. जुलैत या जिल्ह्यात पुराने शेतं खरवडून नेली होती आणि त्यानंतर ऑगस्टभर आभाळाने पाठ फिरवली. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी उभी होती, पण बसमधली माणसं तिच्याकडे आजाऱ्याकडे पाहावं तशी पाहत होती. एकाने खिडकीतून बोट दाखवून मला समजावलं की मिटलेल्या गुलाबाच्या कळीसारखं ते फूल दिसतं ना, ती डोमकळी. आत गुलाबी अळी आहे. फूल उमलत नाही आणि बोंड धरत नाही. दिसायला मात्र ते फार सुंदर होतं.

कळंबच्या पोरींना ऑफसाइड समजावताना माझी फजिती झाली. नव्या प्रेक्षकाचं घोडं नेहमी इथेच अडतं. मी खडूने फळ्यावर बाण काढले, मधली रेघ काढली, शेवटून दुसरी बचाव करणारी कुठे हवी ते सांगितलं, आणि वर्गात शांतता. मग मागच्या बाकावरची एक मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली की चोरावानी आधीच समोर जाऊन उभं नाही राहाचं, बॉल निघाला मंग जाचं. सगळ्यांना एका दमात कळलं. मी फळा पुसला आणि सामना लावला.

महागाव

वैशालीची शाळा महागावपासून थोडी आत आहे आणि तिच्या संघातल्या निम्म्या पोरी शेजारच्या बंजारा तांड्यावरच्या. मी पोचले तेव्हा तीज बसलेली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. राखीनंतर तांड्यावरच्या लग्न न झालेल्या मुली दुरड्यांमध्ये वारुळाची माती भरून गहू पेरतात. सगळ्या दुरड्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, दारापुढे एका माचीवर ओळीने मांडतात. मग नऊ दिवस मुली गाणी म्हणत विहिरीवरून पाणी आणतात आणि आपला गहू वाढवतात. नवव्या दिवशी तो उपटून सगळ्यांना वाटायचा, उरलेला पाण्यात सोडायचा. आमच्याकडेही घटस्थापनेला धान्य रुजवतात, पण ते घरातली सून एकटीने, देवघराच्या कोपऱ्यात. इथे अख्ख्या तांड्याचं लक्ष त्या हिरव्या दुरड्यांवर होतं. गहू जोमाने आला तर वर्ष चांगलं जातं असं म्हणतात. कपाशीची ती गत पाहिलेल्या माणसांना दुरडीतला गहू किती महत्त्वाचा वाटत असेल, ते मला तिथे कळलं.

तिथेच रोशनी भेटली. सोळा वर्षांची, काटकुळी, दोन वेण्या, बोलायला संकोची. वैशालीच्या मोबाइलवर मी तिचा खेळ पाहिला; ती कमलसारखी डाव्या बाजूने पळायची. कमलसारखी म्हणते खरी, पण कमलहून बरी. पायात चेंडू असला की ही मान वर करून पाहते, कमल खाली पाहायची. वैशालीने मला खरं तर तिच्यासाठीच बोलावलं होतं, हे तिने आता कबूल केलं. सतरा वर्षांखालच्या राज्य संघासाठी विदर्भातल्या मुलींची निवड चाचणी यवतमाळला होती. निवड झाली तर शिबिर, वसतिगृह, शिक्षण, आणि पुढे देशाच्या संघाचं दार निदान दिसतं तरी. वर्ष उलटलं की रोशनी वयात बसणार नव्हती. म्हणजे हीच एक संधी. आणि चाचणी होती तीजेच्या आठव्या दिवशी.

आधी आम्ही शेवटचा सामना पाहिला. तांड्यावरच्या अंगणवाडीच्या खिडक्यांना पोती लावून अंधार केला होता. तांड्यावरच्या बायाही येऊन बसल्या, त्यात रोशनीची आई होती. तिला सगळे याडी म्हणत, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. इंग्लंडविरुद्ध स्पेन. कोण जिंकणार यावर बायांच्यात दोन तट पडले. याडी इंग्लंडकडून होती, कारण त्यांच्या गोलात उभ्या असलेल्या बाईचा आवाज तिला आवडला. स्पेनची बचावातली मुलगी डावीकडून मागून धावत आली आणि तिने कोपऱ्यात चेंडू मारला. सगळ्या ओरडल्या. रोशनी ओरडली नाही. मी विचारलं, काय गं, आवडला नाही का गोल? ती म्हणाली की ती मुलगी केव्हाचीच मागून निघाली होती, ती तिच्याकडेच पाहत होती. चेंडू दुसऱ्या बाजूला असताना ही पोर त्या मुलीला पाहत होती. आयुष्यात मी इतके सामने पाहिले, मला ती मुलगी गोल होईपर्यंत दिसली नव्हती.

स्पेन जिंकलं. याडीला वाईट वाटलं, पण तिने विचारलं की या पोरींच्या आया कुठे बसल्या असतील. मी म्हटलं, तिथेच, मैदानात, लोकांत.

नायकाच्या दारात

परवानगी मागायला आम्ही नायकाकडे गेलो. तीज बसली की मुली तांडा सोडत नाहीत, असा रिवाज. नायक सत्तरीचा, डोक्याला लाल पागोटं, ऐकायला थोडा कमी. मी पुण्याची भाषणबाजी करायच्या तयारीने गेले होते. मुलींना संधी, देशाचं नाव वगैरे. त्याने मला चार वाक्यांपलीकडे जाऊच दिलं नाही. चहा मागवला, रोशनीला समोर बसवलं आणि तिलाच विचारलं की तुला जायचं आहे का. ती मान खाली घालून हो म्हणाली. माचीवरच्या पोरी गाणं थांबवून ऐकत होत्या.

"पोरगी जाईन," नायक म्हणाला. "आमची तीज हाये, कैद नोय. पन तीज मोडाची नाही. सकायचं पानी तिनंच घालाचं, अळनी खाचं, अन् दिवस बुडाच्या आंधी वापस."

इतकं सोपं होईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. वैशालीच्या डोळ्यात पाणी आलं. याडीने नायकाच्या पाया पडून घेतलं, रोशनी लाजून पळाली. अटी तर काहीच नव्हत्या. पाणी घालायला ती पहाटे उठतच होती, यवतमाळहून परत यायला दुपारची बस होती. आणि अळणी खाणं म्हणाल तर या नऊ दिवसांत सगळ्याच पोरी बिनमिठाचं खातात, दुधात कुस्करलेली भाकरी नाहीतर तूपगूळ. त्यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. पुण्यात माझा डॉक्टर मला दर महिन्याला मीठ कमी करा म्हणून रागावतो. उलट मी वैशालीला म्हटलं, पोरी बघ कशा सात्त्विक खातात, आपणच चिवड्यावर जगतो.

हे वाक्य मला आता रोज आठवतं. मी खेळलेली बाई, वैशाली शिकलेली शिक्षिका, याडी रानात घाम गाळणारी. तिघींच्याही लक्षात आलं नाही. तांड्यावर तीजेच्या मुली नऊ दिवस घरात, विहिरीवर आणि माचीपाशी असतात, उन्हात रानात जात नाहीत; म्हणून अळणी खाऊन कधी कुणाला काही झालेलं नाही. आणि संघातल्या मुली तीज धरली की मैदानावर येत नाहीत. अळणी खाणं आणि उन्हात धावणं या दोन्ही गोष्टी एकाच मुलीने एकाच आठवड्यात केल्याचं कुणी आजवर पाहिलेलंच नव्हतं.

पुन्हा यवतमाळ

पहाटे रोशनीने आपल्या दुरडीला पाणी घातलं, बाकीच्या पोरींनी तिला बसपर्यंत गाणं म्हणत पोचवलं. आर्णीपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोपली. याडीने निरोप देताना पदराआडून काढून दिलेली तूपगुळाच्या भाकरीची पुरचुंडी माझ्या मांडीवर होती.

मैदानावर दमट ऊन होतं. भाद्रपदातलं नसून भाद्रपदासारखं, अंगाला चिकटणारं. निवड करायला तिघी होत्या. त्यांच्यातल्या मुख्य बाई नागपूरच्या, चाळिशीच्या, गळ्यात शिट्टी, कुणालाही मुलगी म्हणून न हिणवणाऱ्या. त्यांनी संघ पाडले आणि पहिल्या सामन्यात रोशनीला डावीकडे ठेवलं. वैशालीने कुठूनसे जुने बूट मिळवले होते, ते घालून ती मैदानात उतरली आणि मग मी जे पाहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्यापाशी चेंडू यायच्या आधी ती जायची जागा ठरवून ठेवत होती. दोन मुली तिच्या मागे धावून दमल्या. एक गोल तिने स्वतः केला, एक दुसरीला करून दिला. नागपूरच्या बाईंनी पहिल्या गोलनंतर चष्मा पुसला आणि दुसऱ्यानंतर वैशालीला विचारलं की ही कुठली. वैशालीने तांड्याचं नाव दोनदा सांगितलं.

दुसऱ्या सामन्यात, ऊन चढल्यावर, ती धावता धावता एकदम बसली. पोटरीला गोळा. मी चोळून दिलं, उठली, धावली. मग दुसऱ्या पायाला. मग दोन्ही मांड्यांना. गोळा कसा येतो हे ज्याला आला आहे त्याला ठाऊक; पाय दगड होतो आणि आत कुणीतरी पिळतं. रोशनी रडत नव्हती, ओठ चावत होती. घामाने तिचं तोंड भिजलं होतं आणि त्या घामाबरोबर सात दिवस न खाल्लेलं मीठ जात होतं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

नागपूरच्या बाई भल्या. त्या म्हणाल्या, लिंबूपाणी द्या, मीठ-साखर घालून भरपूर, सावलीत निजवा, मी हिला शेवटच्या सामन्यात पुन्हा घेते. मी पळत सुटले. गुडघ्याने तक्रार केली नाही. दाराजवळच्या सरबतवाल्याकडून बाटलीभर पाणी घेतलं, दोन लिंबं पिळली, साखर, वर चांगली दोन चिमटी मीठ. आणून तिच्या हातात दिलं. तिने बाटली तोंडाशी नेली आणि थांबली.

"यात मीठ हाये का, मॅडम?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. रोशनीने वास घेतला नाही, चव घेतली नाही, फक्त माझ्याकडे पाहत राहिली. मी नाही म्हटलं असतं तर ती प्यायली असती.

मी हो म्हटलं.

"मंग नाही," म्हणून तिने बाटली खाली ठेवली.

मी तिला खूप समजावलं. औषध म्हणून घे, देव रागावत नाही, नायकाला मी सांगते. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मीठ खाल्लं का गहू पिवळा पडते म्हनतात. मले नाही वाटत पडन म्हून. पन बाकीच्या पोरी तिकडं अळनी खाऊन राह्यल्या न."

गावोगाव पडद्यासमोर उभं राहून मीच सांगत आले होते की अकरा जणी म्हणजे एक अंग असतं, एकीने जागा सोडली की सगळ्यांची सुटते. तिने नुसतं साखरेचं पाणी प्यायलं, पायांवर गार पाण्याच्या पट्ट्या बांधून घेतल्या आणि शेवटच्या सामन्यात उतरली. पहिल्या धावेलाच पडली. बाईंनी तिला हात देऊन बाहेर आणलं आणि पाठीवर थोपटून सांगितलं की नावं उद्या संध्याकाळी कळवू. त्यांच्या आवाजावरून मला सगळं कळलं. रोशनीला नाही कळलं, किंवा तिने कळून घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये ती पुन्हा झोपली. आर्णीला बस थांबली. वैशाली म्हणाली, "मावशी, मले वाटत होतं तुमी नाही म्हनान." रागाने नव्हतं म्हटलं. मी तिला विचारलं की मग तूच 'नाही' का म्हटलं नाहीस. ती खिडकीकडे वळली. बाहेर कोणी तोंडाला रुमाल बांधून कपाशीवर फवारत होतं. मला अजून वाटतं की मी खोटं बोलायला हवं होतं. आणि रोशनी माझ्याकडे कशी पाहत होती ते आठवलं की वाटतं, कसं बोलणार होते.

तीजेचा शेवटचा दिवस

गहू पिवळा पडला नव्हता. माचीवरच्या सगळ्या दुरड्या वीतभर हिरव्यागार, रोशनीचीही. सकाळपासून तांड्यावर ढोल वाजत होता. मुली घागरा-कांचोळी घालून, आरशांचं भरतकाम चमकवत नाचत होत्या. रोशनी त्यांच्यात होती, पाय जरा ओढत. दुपारी वैशालीचा फोन वाजला आणि ती माचीमागे जाऊन बोलून आली. नागपूरच्या बाईंनी स्वतः फोन केला होता. त्यांनी निवडीतल्या इतर दोघींना विनवून पाहिलं, पण उभी न राहू शकलेली मुलगी कागदावर घ्यायची कशी, असं त्या दोघींचं म्हणणं पडलं. नावं गेली होती. रोशनीचं नव्हतं.

वैशाली म्हणाली की आज नको सांगायला, तीज जाऊ द्या. मी मान हलवली.

मुलींनी गहू उपटायला सुरुवात केली तेव्हा त्या सगळ्या रडत होत्या. नऊ दिवस वाढवलेलं आपल्याच हाताने उपटायचं, म्हणून रडायचीही रीत आहे, आणि रीत असली तरी रडणं खरं होतं. हिरव्या जुड्या भावांच्या, बापांच्या पागोट्यात खोचल्या. नायकाच्या पागोट्यात इतक्या झाल्या की तो स्वतःच एक दुरडी दिसायला लागला. एक जुडी रोशनीने माझ्या हातात दिली आणि माझ्या पाया पडली. मला तिच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. उरलेला गहू नाल्यावर नेऊन सोडला, पाणी कमी होतं म्हणून तो बराच वेळ तिथेच फिरत राहिला.

मग पंगत बसली. वरण, भात, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा, आणि सगळ्यात मीठ. नऊ दिवसांनी पोरी तुटून पडल्या, एकमेकींना ठेच्याचे घास भरवत होत्या. मी आणि वैशाली ओळीच्या शेवटी होतो. मी भात चिवडत बसले होते. रोशनी केव्हा उठली ते मला कळलं नाही.

ती आली तेव्हा हात धुतलेले नव्हते, ओठांवर वरणाचा थेंब होता. अंगात तोच आरशांचा घागरा, आणि खाली पायात बूट, नाड्या घट्ट बांधलेल्या.

"मॅडम, मीठ खाल्लं मी," ती म्हणाली. "दोन वाट्या वरन पेली. आता नाही येत गोये, पाहा तुमी." ती तिथल्या तिथे दोन पावलं पळून आली, आरसे खळखळले. "चला न. बस हाये आता. त्या बाई संध्याकायी नावं सांगनार होत्या न? संध्याकाय व्हाची हाये अजून."

वैशाली ताटावरून उठली आणि तिच्यापाशी गेली.